मापाची मोटार

आमच्या बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याकडे स्वतःची मोटार असू नये, असा काही लेखी नियम नाही. पण गेली अकरा वर्षे मी तो निष्ठेने पाळत आलो आहे. माझ्याकडे एक स्कूटर आहे. आमच्या दोघांपैकी सकाळी जो आधी सुरू होईल तो दुसऱ्याला ढकलतो, असा आमचा समझोता आहे आणि आजवर बहुधा मीच आधी सुरू होत आलो आहे. तरीही या अकरा वर्षांत माझ्या टेबलावरून इतक्या मोटारी रस्त्यावर गेल्या आहेत की, संध्याकाळी चौकात जो खोळंबा होतो त्यातल्या निदान चार हॉर्नांवर तरी माझा नैतिक हक्क आहे.

या टेबलावर बसून मनुष्यस्वभावाबद्दल मला जे ज्ञान झाले ते एवढेच, की मोटार कोणीही स्वतःसाठी घेत नाही. मध्यंतरी एक तरुण जोडपे आले. फॉर्म भरता भरता मी सहज विचारले, "रंग कोणता घेताय?"

"हिला मोरपंखी आवडतो."

"वा! मग मोरपंखी?"

"छे हो, पांढरा. विकताना बरा पडतो."

म्हणजे बघा, गाडी अजून घेतलेली नाही, कर्ज मंजूर व्हायचे आहे, जामीनदार अजून सापडायचा आहे. पण पाच वर्षांनी येणाऱ्या कुणा अनोळखी गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंग मात्र पक्का झाला. मुलाच्या बारशाला होणाऱ्या सुनेच्या पसंतीचे नाव ठेवण्यासारखाच हा प्रकार! पण मी बी.कॉम. आहे. विकताना बरे पडणे या कल्पनेपुढे मान तुकवण्याचे शिक्षण मी तीन वर्षे फी भरून घेतले आहे. मी मुकाट्याने 'पांढरा' लिहिले.

अशा मनःस्थितीत रद्दीच्या दुकानात मला एक पुस्तक भेटले. जाडजूड, गुळगुळीत कागदाचे, इंग्रजी. विलायतेत गेल्या शतकाच्या मध्याला ज्या मोटारी अंगाच्या मापाने बांधून घेत, त्यांची चित्रे आणि हकिकती त्यात होत्या. रद्दीवाल्याने ते तराजूत टाकले आणि किलोच्या भावाने दिले. घरी आल्यावर हिने पुस्तक हातात तोलून पाहिले आणि विचारले, "आपण रद्दी विकायला गेला होता ना?" या प्रश्नाला उत्तर नसते. मी चष्मा लावून वाचायला बसलो.

आणि मला असे कळले की, रोल्स-रॉईस ही जगप्रसिद्ध कंपनी कित्येक वर्षे मोटार विकतच नव्हती! विश्वास बसणार नाही, पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती फक्त चासी विकत असे. चासी म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके, सुकाणू आणि पुढचे ते देवळासारखे रेडिएटर. बसायला जागा नाही, दार नाही, छप्पर नाही. शिंप्याच्या दुकानात आपण कापड घेऊन जातो, तसे तुम्ही हा सांगाडा कोचबिल्डरकडे न्यायचा. कोचबिल्डर म्हणजे पूर्वीचे बग्ग्या बांधणारे. लंडनची हूपर कंपनी १८०५ पासून बग्ग्या बांधत होती. घोडे गेले, इंजिने आली. हूपरने घोड्यांना निरोप दिला आणि बाकीचे काम तसेच चालू ठेवले. मलिनर, पार्क वॉर्ड, जेम्स यंग अशी आणखीही घराणी होती. घराणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्याकडे जाणकार मंडळी पहिल्या तानेत किराणा की जयपूर ते ओळखतात, तशी तिकडची जाणकार मंडळी मागच्या चाकावरून उतरणाऱ्या नुसत्या रेषेवरून "हूपर" म्हणून मान डोलावतात.

माझ्यातला कारकून इथे अस्वस्थ झाला. समजा, १९५० साली असा एखादा सरदार माझ्या टेबलापाशी कर्ज मागायला आला असता, तर मी काय केले असते? कोटेशन एक हवे, याच्याकडे दोन. सांगाड्याचे एक, अंगाचे एक. विक्रेता कोण? दोघे. मॉडेलचे नाव? नाही, कारण अशी दुसरी गाडी नाही. बाजारभाव? बाजारात एकच आहे आणि ती हाच घेतोय. त्यातून १९४७ पासून हजार पौंडांवरच्या मोटारींना तिकडच्या सरकारने सदुसष्ट टक्क्यांच्या जवळपास खरेदीकर लावला होता, त्याचा रकाना वेगळाच. एवढे होऊन गाडी मिळायला कित्येक महिने लागणार आणि हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू! आमच्या मॅनेजरसाहेबांनी त्या सरदाराला नक्की सांगितले असते, "त्यापेक्षा तुम्ही फ्लॅट घ्या."

पण काय थाट होता त्या कामाचा! आधी कागदावर चित्र, मग गाडीएवढ्याच आकाराचा आराखडा. मग ॲश नावाच्या चिवट लाकडाचा पिंजरा सुतार जोडणार. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून ठोकून बसवायचा. साचा नाही, छाप नाही, हातोडी आणि डोळा. मग रंगाचा एक थर, तो घासायचा, पुन्हा थर, पुन्हा घासायचा. आतली अक्रोडाची फळी एकाच खोडातून चिरून पुस्तकाच्या दोन पानांसारखी उघडायची, म्हणजे डावीकडच्या रेषांचे प्रतिबिंब उजवीकडे येते. उंच हॅट घालून बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी छप्पर उंच. १९४८ साली हूपरने डेमलर कंपनीच्या भल्या थोरल्या सांगाड्यावर 'ग्रीन गॉडेस' म्हणून उघड्या छपराची गाडी बांधली. तिची काच इतकी रुंद, की पाऊस पुसायला तीन वायपर लागत. पुण्याच्या पावसात आमच्या रिक्षाचा एकुलता एक वायपर रिक्षावाला हाताने फिरवतो, हे आठवून मला गहिवरून आले.

त्यातही रोल्सची 'फँटम फोर' म्हणजे कळस. १९५० ते १९५६ या काळात तिच्या फक्त अठरा गाड्या झाल्या आणि त्या राजेलोकांना आणि राष्ट्रप्रमुखांनाच मिळत. पहिली गेली राजकन्या एलिझाबेथकडे. पुण्यातल्या महालामुळे आपल्याला नावाने परिचित असलेले तिसरे आगाखान, त्यांच्याकडेही एक होती. पैसे मोजून भागत नसे. सिंहासन किंवा सिंहासनासारखे काहीतरी दाखवावे लागे. आम्ही नुसता उत्पन्नाचा दाखला मागितला तरी लोकांना राग येतो! मात्र या अठरांपैकी एक कारखान्याने स्वतःकडे ठेवून घेतली आणि तिच्यावर काय बसवले? माल वाहायचा हौदा! जगातल्या सर्वांत खानदानी सांगाड्यावरून कारखान्याचे सामान इकडून तिकडे जात असे. मोठ्या घराण्यात जन्मून रेशनच्या रांगेत उभा राहणारा एक तरी मुलगा असतोच.

गिऱ्हाइकेही त्या गाड्यांना शोभतील अशी. नुबार गुल्बेंकियन नावाचे एक तेलकुबेर होते. यांच्या वडिलांना तेलाच्या धंद्यातल्या वाट्यामुळे जग 'मिस्टर फाइव्ह पर्सेंट' म्हणून ओळखत असे. (आपल्याकडे या पदवीचे मानकरी बरेच आहेत, पण ते ती लावत नाहीत.) या चिरंजीवांनी हूपरकडून रोल्स बांधून घेतल्याच, पण साठीच्या दशकात चक्क लंडनच्या टॅक्सीचा सांगाडा घेतला आणि त्यावर बग्गीच्या घाटाचे, बाजूला वेताच्या विणीची नक्षी असलेले अंग चढवले. टॅक्सी का? तर ती सहा पेन्सच्या नाण्यावर वळते म्हणतात. आणि वर हे गृहस्थ म्हणे, "सहा पेन्स म्हणजे काय असतं कोण जाणे!" दिवसभर सुट्ट्या पैशांवरून काउंटरवर भांडणाऱ्या माणसाला हे वाक्य वाचून काय वाटत असेल, याची कल्पना त्यांना नसावी.

परंतु या सगळ्या दरबारात माझे मन खरे गुंतले ते सर बर्नार्ड डॉकर आणि लेडी डॉकर यांच्यात. कारण त्यांची गोष्ट शेवटी व्हाउचरवर येते आणि व्हाउचर म्हटले की मी जागा होतो.

सर बर्नार्ड हे बी.एस.ए. या बर्मिंगहॅमच्या बड्या कंपनीचे अध्यक्ष. डेमलर मोटारींची कंपनी बी.एस.ए.च्या मालकीची आणि हूपरही त्याच गोठ्यात. म्हणजे सांगाडाही घरचा आणि शिंपीही घरचा. १९४९ साली त्यांनी नोरा नावाच्या बाईंशी लग्न केले. बाईंनी तरुणपणी लंडनच्या एका नामांकित नाचघरात पाहुण्यांबरोबर नाचण्याची नोकरी केलेली. सर बर्नार्ड हे त्यांचे तिसरे यजमान. आधीचे दोघेही लक्षाधीशच. डेमलरचे दिवस तेव्हा ओसरत चालले होते. १९०० सालापासून इंग्लंडच्या राजघराण्यात डेमलर वापरत. आता राजकन्याच रोल्समध्ये बसली होती. घरचे गिऱ्हाईक तुटले म्हणजे दुकानदाराची जी अवस्था होते ती झालेली. नोराबाई म्हणाल्या, या म्हाताऱ्या गाडीला जरा नटवा.

नटवली. १९५१ च्या प्रदर्शनात त्यांची 'सोन्याची गाडी' आली. जिथे एरवी चकचकीत क्रोम असते तिथे सोन्याचा मुलामा आणि दोन्ही अंगांवर सात हजार चिमुकले सोनेरी तारे. इंग्लंडमध्ये तेव्हा मटण रेशनवर होते, गोळ्या-चॉकलेटे रेशनवर होती. लोक रांगा लावून आधी रेशन घेत आणि मग रांगा लावून ही गाडी बघत. पुढच्या वर्षी निळी, त्याच्या पुढच्या वर्षी रुपेरी, मग पुन्हा ताऱ्यांची. १९५५ साली 'गोल्डन झेब्रा' आली. तिच्या बैठकांना झेब्र्याचे कातडे. झेब्राच का, तर मिंकची फर बसायला फार उकडते, असे बाईंचे म्हणणे. यावर उत्तर नाही. आम्ही रेक्झिनवर बसतो आणि उकडते ते उन्हाने, असे समजतो.

हे सगळे कोणाच्या पैशाने? हा प्रश्न भागधारकांना पडायला पाच वर्षे लागली. आमच्या इन्स्पेक्शनला आलेल्या माणसाला पाच मिनिटांत पडला असता. गाड्या कंपनीच्या, खर्च जाहिरातीचा. इतकेच नव्हे, तर मोटार-प्रदर्शनात गाडीशेजारी उभे राहताना बाईंनी जे सोनेरी नि फरचे हजारो पौंडांचे कपडे घातले, तेही धंद्याचा खर्च म्हणून दाखवले गेले. का? तर बाई तिथे मॉडेल म्हणून उभ्या होत्या!

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि दोन मिनिटे शांत बसलो. आम्ही प्रवासभत्त्याचे बिल करतो तेव्हा स्टेशनपासून लॉजपर्यंतची रिक्षा दाखवली, तर साहेब विचारतात, "बस नव्हती का?" एकदा मी ब्रँचच्या वर्धापनदिनाला नवा शर्ट घालून दारात गुलाबपाणी शिंपडत तीन तास उभा होतो. त्या शर्टाचे पैसे धंद्याचा खर्च म्हणून मागावेत, हे माझ्या सात पिढ्यांना सुचले नसते. बी.कॉम.ला आम्हाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च असे दोनच खर्च शिकवले. बायकोचा खर्च तिसऱ्या रकान्यात दाखवता येतो, हे प्राध्यापकांनी लपवून ठेवले.

१९५३ साली सर बर्नार्डना मिडलँड बँकेच्या संचालक मंडळातून जावे लागले, हेही पुस्तकात वाचले. बँकेने आधी ओळखले, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटला. १९५६ साली बी.एस.ए.च्या संचालकांनीही त्यांना अध्यक्षपदावरून काढले. तारे लावलेल्या गाड्या कंपनीने परत घेतल्या आणि त्यांचा झगमगाट उतरवून त्या विकून टाकल्या. सोन्याचे काय केले ठाऊक नाही, पण सात हजार तारे निखळले म्हणजे हिशेबात ते 'निर्लेखन' या सदरात जातात, एवढे मी सांगू शकतो. १९५९ साली हूपरने गाड्या बांधणे बंद केले, १९६० साली डेमलर जॅग्वारला विकली गेली.

तुम्ही म्हणाल, उधळेपणाची फळे! मीही तसेच म्हणणार होतो. तेवढ्यात आमचे थोरले मामा आले.

मामा पंचाहत्तरीचे आहेत. एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये त्यांनी पस्तीस वर्षे बॉडीवर काम केले. तिथे नुसत्या चासी येत आणि लाल गाड्या होऊन बाहेर पडत. हायवेवर तुम्ही ती दृश्ये पाहिली असतील : पुढे इंजिन, मागे लांबलचक सांगाडा आणि मधे डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत पाणी आणून, वाऱ्याशी झुंजत बसलेला ड्रायव्हर. रोल्सची चासीही कोचबिल्डरकडे अशीच उघडीबोडकी जाई. लहानपणी मला वाटे, त्या ड्रायव्हरची बस रस्त्यात कुठेतरी सांडली असावी.

मामांना पुस्तकातली मौज दाखवावी म्हणून मी सोन्याच्या गाडीचे पान काढले. सात हजार तारे सांगितले, झेब्रा सांगितला, कपड्यांचे बिल सांगितले. मामा हसले नाहीत. खिशातून भिंग काढून गाडीचे दार बघत बसले. बराच वेळ. मग दाराच्या फटीवरून अंगठ्याचे नख फिरवीत म्हणाले,

"फट बघ. वरपासून खालपर्यंत एकसारखी."

"मामा, ते तारे बघा ना."

"तारे काय, कोणीही चिकटवील. हा पत्रा बघ. इथं दोन बाजूंनी वळलाय. असा वळवताना पत्रा ताणतो, नाहीतर सुरकुततो. या गड्यानं कुठं झोल येऊ दिला नाही." भिंग आणखी जवळ नेऊन ते म्हणाले, "कुणी मारलाय हा पत्रा?"

मी पुस्तक चाळले. चासीचा नंबर होता. मालकाचे नाव होते. प्रदर्शनाची तारीख होती. आराखडा काढणाऱ्याचे नाव होते, ऑस्मंड रिव्हर्स. लेडी डॉकरच्या कपड्यांचे तर सगळेच होते. पत्रा मारणाऱ्याचे नाव कुठे नव्हते.

"नाही दिलंय, मामा."

"नसणारच," मामा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. आज बुधवार आहे, अशा सुरात. "आमच्या गाडीवर डेपोचं नाव असायचं, गाडीचा नंबर असायचा, 'थुंकू नये' असायचं."

मग त्यांनी सांगितले. एस.टी. सुरू झाली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. ती पहिली गाडी बेडफर्ड. सांगाडा विलायती, बॉडी लाकडी, आत काथ्याच्या बैठका. मामा तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्यांच्या उस्तादांकडून ऐकलेले. मी मनात हिशेब मांडला. १९४८. म्हणजे ज्या वर्षी लंडनमध्ये त्या तीन वायपरच्या हिरव्या देवीचे अंग लाकडावर पत्रा मारून चढत होते, त्याच वर्षी आपल्याकडेही विलायती सांगाड्यावर कुणीतरी लाकूड जोडत होते. जात एकच. एकीत पाच-सात माणसे बसणार होती, दुसरीत तीस आणि त्यांची बोचकी. आणि खरे सांगायचे तर दोघींपैकी मापाची कोणती, हेही मला नीट सांगता येईना. डोंगरातल्या वळणाला, मागच्या शिडीवर चढवायच्या कोंबड्यांच्या खुराड्याला, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाच्या हाताला ती लाल गाडी जितकी अचूक बसली, तितकी कुठली रोल्स कुठल्या सरदाराला बसली असेल?

"मग बंद का पडलं ते तिकडचं?" मामांनी विचारले.

मी वाचलेले सांगितले. डॉकर पती-पत्नींमुळे नव्हे. ते फक्त शेवटची आतषबाजी करून गेले. युद्धानंतर, १९४६ पासून, रोल्स-रॉईसवाल्यांनीच बेंटलेवर कारखान्यात दाबून काढलेली तयार पोलादी अंगे बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. मापाने शिवून घेणारे कमी होत गेले. आणि १९६५ साली रोल्सची 'सिल्व्हर शॅडो' आली, तिला वेगळा सांगाडाच नाही. खेकड्यासारखे, कवच तेच हाड. सांगाडाच नसेल तर अंग कशावर चढवणार? शिंप्याला कापडच मिळेनासे झाले. आता २०२१ पासून रोल्स-रॉईसने पुन्हा एक कोचबिल्ट विभाग काढला आहे. तिथली गिऱ्हाइके आमच्या शाखेत येत नाहीत.

"आणि ती माणसं?" मामा म्हणाले. "पत्रेवाली?"

हेही पुस्तकात नव्हते. सर बर्नार्ड १९७८ मध्ये वारले, लेडी डॉकर १९८३ मध्ये. दोन्ही तारखा होत्या. ज्याने ॲल्युमिनियमच्या सरळ पत्र्याला सुरकुती न पाडता दोन बाजूंनी वळवले, त्याचा हात १९५९ नंतर कुठे गेला, कुणी मांडून ठेवलेले नाही. ताळेबंदात यंत्रे असतात, इमारत असते, नावलौकिकसुद्धा रुपयांत असतो. कारागिराचा हात मजुरी म्हणून खर्चाच्या बाजूला पडतो आणि ३१ मार्चला खाते बंद होते. मी शिकलो ते शास्त्र असेच आहे, मी त्याला दोष देत नाही. फक्त त्या सोनेरी ताऱ्यांखाली तो पत्रा होता आणि तारे काढून गाडी विकली तेव्हाही तो पत्रा जागचा हलला नसणार, एवढे माझ्या बी.कॉम.ला मामांच्या भिंगामुळे दिसले.

मामा जाताना पुस्तक मागून घेऊन गेले. परत मिळायची आशा नाही. हिला आनंद झाला. घरातली एक तरी रद्दी कमी झाली.

मला मात्र एक खोड लागली. एस.टी.ने गावाला जाताना खिडकीजवळ जागा मिळाली की, मी बाहेर हात घालून खालच्या पत्र्यावर बोटाने टकटक करून बघतो. फट एकसारखी आहे का, रिव्हेट सरळ रेषेत आहेत का. परवा कंडक्टरने विचारलेच, "काय हरवलंय का, साहेब?"

"नाही हो," मी म्हटले, "गाडी कुणी बांधली ते बघतोय."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले, तिकिटावर टिचकी मारली आणि म्हणाला, "महामंडळानं. हात आत घ्या."